शाळा सोडू नका, एक कुळ धरा

या वेळचं पत्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

‘मी ४३ वर्षांची आहे. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गेली १८ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सहा वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी तालुक्यातली झाडं बघत फिरते. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेले चारशेच्या वर नमुने कपाटात आहेत. शाळेत म्हणतात, बाई पाला गोळा करतात. पीएच.डी.साठी एके ठिकाणी विचारलं, तर सांगण्यात आलं की शाळेच्या शिक्षकांनी शिकवावं, संशोधन हे पूर्ण वेळेचं काम आहे. दोन वर्षांनी वीस वर्षं सेवा पूर्ण होईल. तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घ्यावी आणि याच कामात उतरावं असं मनात आहे. मुलगा दहावीला आहे, यजमान म्हणतात हा वेडेपणा आहे. शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या हातून खरं शास्त्रीय काम होतं का? मी काय करू?’

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चारशे नमुने! गणपतीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, मे महिन्याचं ऊन, सगळं त्यात गेलं असणार. याला पाला गोळा करणं म्हणणाऱ्यांना तुम्ही काय करताय ते कळलेलं नाही, आणि त्यांना ते पटवत बसण्यात वेळही घालवू नका.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. होतं, नक्की होतं. एका माणसाची गोष्ट सांगते म्हणजे मी हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही हे तुम्हाला कळेल. या माणसाने आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि तुमच्या दारच्या ताम्हणाशी त्याचं फार जवळचं नातं आहे.

एमिल क्योने हे त्याचं नाव. जन्म १८४८ चा, सायलेशियात श्ट्रीगाऊ गावाजवळच्या एका खेड्यातला. तो भाग तेव्हा प्रशियात होता, आज पोलंडमध्ये आहे. १८६९ साली, एकविसाव्या वर्षी, बर्लिनला सूर्यफुलाच्या कुळातली फुलं कशी घडत जातात यावर त्याने प्रबंध लिहिला. एवढ्या लहान वयात डॉक्टर झालेला मुलगा विद्यापीठातच राहील असं कुणालाही वाटेल. तो शाळेत गेला. बर्लिनच्या फाल्क रेआलगिम्नाझियममध्ये त्याने वर्षानुवर्षं शिकवलं. या शाळांमध्ये ग्रीक नसे, लॅटिन असे, आणि गणित, विज्ञान व आधुनिक भाषांना जास्त जागा असे. मुलांना प्राणिशास्त्राची उजळणी करता यावी म्हणून क्योनेने तक्तेही तयार केले होते. झाडांवर जीव असलेला माणूस वर्गासाठी प्राण्यांचे तक्ते करत होता, हे मला फार आवडतं. पगार ज्या कामाचा घ्यायचा ते काम त्याने नीट केलं.

उरलेल्या वेळात त्याने काय केलं, तर एक कुळ धरलं, म्हणजे एकमेकांशी नातं असलेल्या वनस्पतींचा एक मोठा गट. लिथ्रेसी, म्हणजे आपण ज्याला मेंदी कुल म्हणतो ते. मेंदी, धायटी, ताम्हण, नाणा, लेंडी ही सगळी त्यातली. युरोपात या कुळातली मोठी झाडं नाहीत. तिथे ओढ्याकाठी, पाणथळ जागी जांभळ्या तुऱ्यांचं एक झुडूपवजा रोप येतं, लिथ्रम. त्याची फुलं तीन प्रकारची असतात: कुठे कुक्षीवृंत (फुलातल्या मादीभागाचा दांडा) लांब, कुठे मध्यम, कुठे आखूड, आणि त्या त्या हिशेबाने पुंकेसरांच्याही दोन वेगळ्या उंच्या. चार्ल्स डार्विनने १८६० च्या दशकात यावर खूप डोकं चालवलं होतं. एवढं गुंतागुंतीचं कुळ, जगभर पसरलेलं, आणि त्याच्या जातींचा ताळमेळ नीट लागलेला नव्हता. क्योनेने ते काम अंगावर घेतलं.

१८७७ साली ब्राझीलच्या वनस्पतींच्या त्या प्रचंड ग्रंथमालेत, ‘फ्लोरा ब्राझिलिएन्सिस’मध्ये, या कुळाचा भाग त्याच्या नावाने आला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. १८८० पासून पुढे काही वर्षं त्याने संपूर्ण कुळाचं वर्णन भागाभागाने छापलं. १९०३ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अडोल्फ एंग्लर यांच्या ‘डास फ्लान्झेनराइख’ या मालेत सव्वातीनशे पानांचा ग्रंथ आला: जगातलं सगळं मेंदी कुल, जातीनिशी, प्रजातीनिशी (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). १८७७ ते १९०३, मधली सव्वीस वर्षं मोजा. एवढा काळ एक शाळामास्तर एकाच कुळाशी बोलत राहिला. आजही या कुळावर काम करणाऱ्याला तो ग्रंथ उघडावा लागतो.

आता तुमच्याकडे या. आषाढात भातखाचरात बांधाला लागून गुडघ्याच्याही खाली राहणारी, गुलाबीसर बारीक फुलांची रोपटी उगवतात. त्यातली एक रोटाला इंडिका. तिच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी ज्या नामकर्त्याचं नाव लागतं ना, ते क्योनेचं आहे. विल्डेनो या जर्मन शास्त्रज्ञाने तिला आधी दुसऱ्याच प्रजातीत घातलं होतं. क्योनेने १८८० मध्ये ती रोटालात आणली, आणि ते नाव टिकलं. लावणीच्या दिवसांत तुमचे विद्यार्थी जे रोप पायाखाली तुडवत जातात, त्याच्या नावात एक शाळामास्तर बसलेला आहे. पुढच्या पावसाळ्यात वर्गात हे जरूर सांगा.

क्योनेचं दुसरं मोठं काम सरळ झाडांवरचं. १८९२ साली जर्मनीत वृक्षशास्त्राची संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी क्योनेचं ‘डॉयचे डेंड्रोलोगी’ हे पुस्तक श्टुटगार्टहून निघालं. जर्मनीच्या थंडीत उघड्यावर तग धरणारी जेवढी म्हणून झाडं-झुडपं आहेत, मग ती रानातली असोत की जगभरातून आणून बागेत लावलेली, ती झटकन आणि खात्रीने ओळखता यावीत एवढ्यासाठी लिहिलेलं पुस्तक. सहाशे पानं. सुमारे हजार छोट्या आकृत्या, शंभर चित्रांत मांडलेल्या, आणि सगळ्या लेखकाने स्वतः काढलेल्या रेखाटनांवरून. त्या हजार आकृत्यांचा मी नेहमी विचार करते. पान, कळी, बी, देठाचा छेद. शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर दिव्याखाली बसून काढलेल्या असतील, अशी माझी कल्पना. हे पुस्तक आलं तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. तुम्ही ४३ च्या आहात.

त्याआधी, १८९० साली, त्याने सफरचंद, नासपती, रोवन, हॉथॉर्न यांच्या गटातल्या प्रजातींवर एक निबंध लिहिला. तो कुठे छापला गेला सांगू? त्याच्या शाळेच्या वार्षिक अहवालाला जोडून. प्रशियात १८२४ पासून रीत होती की मोठ्या शाळांनी वर्षाचा अहवाल छापायचा आणि त्यासोबत आपल्या एका शिक्षकाचा अभ्यासपूर्ण निबंध द्यायचा. हे अहवाल शाळा एकमेकींना पाठवत. त्यामुळे फाल्क शाळेच्या पाहुण्यांच्या आणि वेळापत्रकांच्या माहितीशेजारी छापलेला निबंध वृक्षशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षं हवाला म्हणून देत राहिले. शाळेला आपल्या शिक्षकाच्या विद्वत्तेचा अभिमान वाटावा अशी सोयच तिथे केलेली होती. आपल्याकडे ती नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण तुमच्या शाळेचा वार्षिक अंक निघतच असेल. मुख्याध्यापकांना भेटा आणि पुढच्या अंकात तालुक्यातल्या झाडांवर आठ पानं मागा. कविता आणि सहलवर्णनांच्या मध्ये आली तरी चालतील. छापील मजकुराला तारीख लागते, ती महत्त्वाची.

आता स्वेच्छानिवृत्तीचं बोलू. इथे मला क्योनेच्या आधीचा, बर्लिनजवळचाच आणखी एक मास्तर आठवतो, क्रिस्टिआन कोनराड श्प्रेंगेल. श्पांडाऊच्या शाळेचा हा मुख्याध्यापक. फुलाचा रंग, त्यावरच्या रेघा, मधाची जागा हे सगळं कीटकाला बोलावण्यासाठी आहे, हे याने शेकडो जातींची फुलं तासन्‌तास न्याहाळून ओळखलं आणि १७९३ साली पुस्तकात मांडलं. मोठं काम होतं. पण त्या नादात शाळेकडे दुर्लक्ष झालं, वरिष्ठांशी आणि पालकांशी खटके उडाले, आणि पुढच्या वर्षी त्याला तुटपुंज्या पेन्शनवर घरी बसवलं गेलं. पुस्तकाकडेही तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही. बर्लिनला शिकवण्या करत आणि रविवारी लोकांना रोपं दाखवायला नेत त्याने उरलेले दिवस काढले. पूर्ण वेळ मिळाल्यावर त्याच्याकडून दुसरं तसं पुस्तक आलं नाही. कित्येक वर्षांनी डार्विनने त्याचं काम उचलून धरलं, तेव्हा श्प्रेंगेलला जाऊन काळ लोटला होता.

श्प्रेंगेल मला क्योनेपेक्षा मोठा शास्त्रज्ञ वाटतो. तरी तुम्ही क्योनेच्या वाटेने जावं असंच मी सांगेन. तुमचा मुलगा दहावीला आहे, पुढची सहा-सात वर्षं खर्चाची आहेत. नोकरी सोडली की पहिले चार महिने मोकळे वाटतील, मग प्रत्येक रविवारच्या फेरीला पेट्रोलचा हिशेब चिकटेल, आणि झाडाकडे बघताना ‘यातून काय निघालं?’ हा प्रश्न घरच्यांच्या आधी तुम्हीच स्वतःला विचाराल. कामाला ते फार जड जातं. यजमानांचा ‘वेडेपणा’ हा शब्द दुखावणारा आहे, पण पैशाची त्यांची काळजी चुकीची नाही. त्यांना सांगा की नोकरी सोडत नाही, त्याबदल्यात रविवारची सकाळ माझी. महिन्यातले दोन रविवार तरी. मुलाची परीक्षा होईपर्यंत एकच घ्या.

शिवाय शाळेचा एक फायदा तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. विद्यापीठातल्या संशोधकाला एखाद्या वाडीतलं झाड वर्षातून एकदा बघायला मिळतं, तेही गाडी आणि परवानगी जमली तर. तुमच्या वर्गात पंधरा वाड्यांमधली मुलं रोज येतात. कुठल्या वहाळावर ताम्हण फुललं, हे तुम्हाला सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी कळू शकतं. ही सोय क्योनेला बर्लिनमध्ये नव्हती.

पीएच.डी.बद्दल ज्यांनी तुम्हाला ते उत्तर दिलं त्यांच्यावर राग धरू नका, पण त्यांचं ऐकूही नका. पदवी आधी आणि काम नंतर, असा क्रम लावू नका. दोन-तीन वर्षांत काम एका जागी आलं की मार्गदर्शक शोधणं सोपं जाईल. नाही मिळाला, तरी काम तुमचंच राहील.

तर काम कसं करायचं. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘दिसेल ते झाड घेते.’ इथे मला तुम्हाला थांबवायचं आहे. चारशे नमुने सगळ्या कुळांचे असतील, तर त्यातून जिल्ह्याबद्दल नवं काही निघणं कठीण. सहा वर्षांची भटकंती वाया गेलेली नाही, तिने तुमची नजर तयार केली. आता एक कुळ धरा. कुठलं, ते मी सुचवते: क्योनेचंच धरा.

रत्नागिरी जिल्ह्यात हे कुळ डोंगरापासून खाडीपर्यंत पसरलेलं आहे. नदीकाठचं ताम्हण, महाराष्ट्राचं राज्यफूल. घाटाच्या बाजूला नाणा, ज्याची गुळगुळीत पांढुरकी साल ढलप्यांनी सुटते. लेंडी, जिला कुठे बोंडारा म्हणतात आणि कुठे बोंडारा म्हणजे ताम्हणच, तेव्हा वाडीगणिक कोण कशाला काय म्हणतं हेही टिपून ठेवा. डोंगरउतारावर लाल फुलांची धायटी, जिची फुलं आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य वापरतात. परसातली मेंदी, आपल्या प्रजातीतली एकुलती एक. कातळसड्यावर आणि भातखाचरात रोटाला आणि अमानिया यांच्या बारीक बारीक जाती, ज्या पावसाळ्यात येतात आणि पाणी आटलं की संपतात. त्यांच्याकडे बघायला वाकावं लागतं, म्हणून फार कमी लोक बघतात.

आणि खाडीतली पांढरी चिपी. क्योनेने चिपी आपल्या कुळात धरली नव्हती. डाळिंब आणि शिंगाडाही नाही. त्याच्या काळी ती वेगळी कुळं होती. अलीकडे जनुकांवरून नाती तपासली गेली, तेव्हा तिन्ही याच घरातली निघाली. सव्वीस वर्षं ज्याने कुळ उलगडलं त्याचीही कुंपणं नंतर हलवावी लागली. त्याने केलेली जातींची वर्णनं मात्र अजून कामाला येतात, कारण ती नमुने समोर ठेवून, बघून लिहिलेली होती.

नमुन्यांबद्दल एक कळकळीची गोष्ट. कॉलेजात असताना मी एका घाटात दोन वर्षं रोपं गोळा केली होती. सुंदर दाबलेली. पण चिठ्ठीवर फक्त नाव लिहायचे, तेही कधी कधी. नंतर ते गठ्ठे एका जाणत्या बाईंना दाखवले. त्यांनी दहा-बारा कागद उलटले आणि विचारलं, ‘हे कुठलं? कधीचं?’ मला सांगता आलं नाही. सगळे गठ्ठे शास्त्राच्या दृष्टीने निकामी झाले. तुमच्या चारशेमधले ज्यांचं ठिकाण आणि तारीख तुम्हाला खात्रीने आठवते त्यांच्यावर याच आठवड्यात चिठ्ठी लावा. उरलेले वर्गात शिकवायला ठेवा, अंदाजाने तारीख घालू नका. नव्या प्रत्येक नमुन्याला तुमचा स्वतःचा अनुक्रमांक द्या: एक, दोन, तीन, आयुष्यभर एकच मालिका. तारीख, वाडी, कशाच्या काठी, झाडाची अंदाजे उंची, सालीचा रंग, आणि फुलाचा रंग तिथल्या तिथे. ताम्हणाचा तो जांभळा-गुलाबी रंग कागदात दाबल्यावर आठवड्याभरात उडतो आणि नंतर कितीही आठवला तरी नक्की लिहिता येत नाही.

प्रत्येक झाडाचे दोन नमुने घ्या. एक तुमच्या कपाटात, एक मोठ्या संग्रहात. पुण्याला भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेत संग्रह आहे, मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लाटर हर्बेरियम आहे. आधी पत्र लिहून, वेळ ठरवून, पाच-सहा नमुने घेऊन जा. मेंदी कुलातलेच न्या. ‘माझ्याकडे चारशे नमुने आहेत’ यापेक्षा ‘तालुक्यातल्या रोटालाच्या मला इतक्या जाती सापडल्यात, ही एक कळत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाशी तिथले लोक तासभर बोलतील. राखीव जंगलात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय फांदीही तोडू नका.

दोन नमुने का, तेही सांगते. १९४३ च्या मार्चमध्ये बर्लिनच्या दाहलेममधल्या वनस्पती संग्रहालयावर बॉम्ब पडले आणि संग्रहाचा फार मोठा भाग एका रात्रीत जळून गेला. ज्या मूळ नमुन्यांवरून जातींना नावं दिली होती असे असंख्य नमुने त्यात गेले. क्योने तेव्हा हयात नव्हता. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये, पहिलं महायुद्ध संपायला महिनाच उरला असताना, सत्तराव्या वर्षी तो बर्लिनला वारला होता. अशा वेळी ज्या नमुन्यांचे जोडीदार दुसऱ्या देशांतल्या संग्रहांत होते, त्यांच्याच आधारे पुढच्या लोकांना काम करता आलं. तुमच्या कपाटाला बॉम्ब नको, कोकणातला एक पावसाळा आणि वाळवी पुरे.

शेवटची काही वर्षं क्योने आशियातल्या झाडांमध्ये बुडालेला होता. अर्नेस्ट विल्सन या इंग्रज वनस्पती-संग्राहकाने चीनमधून बॉस्टनच्या अर्नॉल्ड वृक्षोद्यानासाठी जे नमुने आणले त्यातल्या चेरींचा अभ्यास त्याने केला. लाल चिकट कळ्यांच्या एका चिनी रोवनला तिथल्या संचालकांचं, सार्जंट यांचं नाव त्याने दिलं. जपानच्या याकुशिमा बेटावरच्या, ताम्हणाच्या प्रजातीतल्या एका झाडालाही त्याने नाव दिलं, लेजरस्ट्रोमिया फॉरिए. पुढे १९५६ साली त्या बेटावरून या झाडाचं बी अमेरिकेत गेलं. तिथे बागेतल्या क्रेप मर्टलवर, म्हणजे ताम्हणाच्याच प्रजातीतल्या शोभेच्या झाडावर, भुरी हा बुरशीचा रोग फार पडत असे. या जपानी झाडाला भुरी सहसा लागत नाही, म्हणून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी दोन्हींचा संकर केला. १९७८ मध्ये ‘नॅचेझ’ आणि ‘मस्कोगी’ हे वाण बाहेर आले, आणि आज अमेरिकेच्या दक्षिणेत रस्त्यांच्या कडेला ते सर्रास दिसतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की शाळेच्या विहिरीपाशी एक जुनं ताम्हण आहे आणि शिपाईकाका दरवर्षी त्याच्या फांद्या छाटतात. सध्या त्यावर गेल्या वर्षीची सुकी बोंडं असतील, काळपट, उकललेली, लाकडासारखी कडक. चैत्र-वैशाखात फूल येईल. या आठवड्यात शिपाईकाकांना सांगून छाटणी थांबवा आणि एक बोंड फोडून बघा. आत पातळ पंख लागलेलं बी दिसेल. ते चित्र वहीत काढा, बोंडाचा उभा छेदही काढा, मग फांदीचे दोन नमुने घ्या आणि नव्या मालिकेतला अनुक्रमांक एक याच झाडाला द्या. चिठ्ठी लिहून झाली की तिची नक्कल मला पाठवा. फूल आल्यावर त्याचा रंग तुम्ही कोणत्या शब्दांत लिहिता, तेही मला वाचायचं आहे.